पाचवा जंपर खाली करावा

बाबांचं विमान उतरल्याशिवाय आमच्या घरात ताटं वाढली जात नसत. हे मी ज्यांना ज्यांना सांगितलं ते हसले. देवासच्या त्या दोन खोल्यांच्या कंपनी क्वार्टरमध्ये मात्र त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. साडेसहाला कारखान्याचा भोंगा व्हायचा. सातच्या ठोक्याला बाबा हातपाय धुऊन, चहा संपवून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसायचे आणि इंदूरहून भोपाळला निघायचे. विमान चालवण्याचा तो एक कॉम्प्युटर गेम होता, पण त्याला गेम म्हणायची कोणाची छाती नव्हती. बाबा त्याला फ्लाइट म्हणत. ते मेन्टेनन्सचे फोरमन होते, त्यामुळे कारखान्याच्या भंगारातून त्यांनी लोखंडी दांड्याचं स्टिअरिंग केलं होतं, पायाखाली लाकडी पेडल होते आणि समोर प्लायवुडच्या फळीवर त्यांच्या ठसठशीत अक्षरातली मराठी यादी खिळ्यांनी ठोकलेली होती. इंधन पाहिले. फ्लॅप पाहिले. दिवे पाहिले. ती यादी ते रोज मोठ्यानं वाचत. मग दोन छोट्या स्पीकरमधून इंजिनाची घरघर सुरू व्हायची, तिच्यात स्टॅबिलायझरची गुणगुण मिसळायची, आणि दिवे गेले की यूपीएसची टिवटिव. दिवे तेव्हा रोजच जात. भोपाळपर्यंत खऱ्या विमानाला लागतो तितकाच वेळ लागायचा, कारण घाई करणं बाबांच्या मते अप्रामाणिकपणा होता.

या सगळ्या वेळात आई स्वयंपाकघरात पोळ्या फडक्यात गुंडाळून बसलेली असायची. भुट्ट्याचा कीस गार झाला की त्याची चव जाते हे तिनं पहिल्या वर्षी सांगून पाहिलं, नंतर सांगणं सोडलं आणि कीस करणंही सोडलं. खरी अडचण उड्डाणाची नव्हती, उतरण्याची होती. आमचा कॉम्प्युटर जुना होता. मोकळ्या हिरव्या जमिनीवरून विमान बरं चालायचं, पण भोपाळची धावपट्टी आणि चार इमारती दिसायला लागल्या की चित्र धक्के खायला लागायचं. धावपट्टी आता डावीकडे असायची, मग एकदम उजवीकडे, मग विमान जमिनीत. बाबा पुन्हा भोपाळच्या दहा मैल अलीकडून सुरुवात करायचे. तिसऱ्या खेपेला कधी उतरायचे, कधी नाही. "विमान पडलं तरी चालेल, पण एकदाच काय ते पडू दे," असं आई एकदा भिंतीकडे बघून म्हणाली होती. बाबांनी ऐकलं आणि चौथ्यांदा सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही दहाला जेवलो.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलींपेक्षा मला कॉम्प्युटरमधलं जास्त कळत होतं, आणि ते लपवण्याचं मला काही कारण दिसत नव्हतं. कॅबिनेट उघडून धूळ काढणं, मेमरीची पट्टी काढून परत बसवणं, ही कामं मी बाबा ड्यूटीवर असताना करून ठेवायचे. त्यांना ते कळायचं, कारण कॅबिनेटवर टाकलेल्या, बाग गावच्या ठशांच्या प्रिंटच्या कापडाच्या घड्या ते मोजून ठेवत असावेत. मला इंदूरला दोन वर्षांचा हार्डवेअरचा कोर्स करायचा होता, होस्टेलवर राहून. बाबांचं म्हणणं, मी धारला मामाकडे राहून बी.एड. करावं. "हात काळे करायला माझे हात आहेत," ते म्हणाले. "तुला शिकवलं ते खडू धरायला."

मामाबद्दल इथेच सांगून टाकते. अण्णामामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. लग्न केलेलं नाही, धारच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. आईचं घराणं संस्थानच्या काळात कारभारात होतं. कारभार गेला, पण घरात जुनं मराठी मात्र राहिलं, आणि ते बोलताना अण्णामामांची मान जरा ताठ व्हायची. बाबा इचलकरंजीकडचे, नोकरीसाठी देवासला आलेले. माझ्या मावशीच्या लग्नात पंक्तीत बाबा म्हणाले, "मी वाढतो की." अण्णामामांनी चारचौघांत त्या 'की'ची नक्कल केली आणि वर सांगितलं की खरं मराठी आता धारलाच उरलंय, महाराष्ट्रात ते वर्तमानपत्रांनी नासवलं. बाबा हातातली भाताची परात खाली ठेवून उठले. त्या दिवसापासून दोघांचा अबोला, आणि मी सांगते आहे त्या वर्षी त्याला अकरा वर्षं झाली होती. तरी मुलीला होस्टेलपेक्षा त्याच माणसाच्या घरी ठेवायला बाबांची तयारी होती. यावरून होस्टेलबद्दल त्यांचं मत काय होतं ते समजावं.

माझ्या मराठीबद्दल दोघांचंही एकमत होतं, ते म्हणजे ते मराठी नव्हे. माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं. घरात बोलायचं मराठी, पण अर्ध्या वाक्यात हिंदी कधी शिरायची ते मला कळत नसे. "पोह्याबरोबरची जलेबी आहे तुझी भाषा," अण्णामामा म्हणायचे, "एका ताटात आहे एवढंच, कढई निराळी." वाचायला तर मी टाळायचेच. धारहून मामांचं पत्र आलं की आई वाचून दाखवायची.

कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोसेसर घालायचा हे बाबांनी दिवाळीनंतर ठरवलं, आणि लगेच भांडण सुरू झालं. प्रोसेसर म्हणजे सगळं गणित करणारी ती चौकोनी चिप. दोन पर्याय होते. एक दुसऱ्या फळीतल्या कंपनीचा, आमच्या जुन्या बोर्डात तसाच बसणारा, आणि त्याचा वेगाचा आकडा मोठा. दुसरा मोठ्या कंपनीचा, आकडा लहान, पण तो घ्यायचा तर बोर्डही नवा घ्यावा लागणार होता. बाबांना आकडा पटला. चारशे हे तीनशेपेक्षा जास्त असतात, यात चर्चा कसली? अण्णामामांच्या घरीही आमच्याच इंदूरच्या दुकानातून घेतलेला, त्याच बोर्डाचा कॉम्प्युटर होता. मी कळवल्यावर त्यांचं पत्र आलं. आकडा म्हणजे फेऱ्या, शक्ती नव्हे. मोपेडचं चाक मिनिटाला ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा जास्त फिरतं, म्हणून मोपेडनं शेत नांगरावं काय? विमानाचं सगळं गणित दशांशाचं असतं आणि त्या स्वस्त चिपचा हात नेमका दशांशातच आखडतो. आईनं हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा वाटीतल्या पोह्यांवर शेव घालत होते. "बोर्ड नवा, प्रोसेसर नवा," ते म्हणाले, "मग जुनं काय राहिलं, टेबल?" आणि मला सांगितलं की धारला विमानतळ कधी झाला ते मामाला विचार. मी पुढच्या पत्रात ते विचारलं, हिंदीत. उत्तर आलं की देवासला नळाला पाणी येऊ दे, मग विमानाचं बघू. आमच्याकडे तेव्हा तीन दिवसांनी एकदा पाणी येत होतं. ते वाक्य आईनं वाचलं नाही, गाळलं. मला ते पुढे धारला कळलं.

आज इतक्या वर्षांनी सांगते, अण्णामामांचं बरोबर होतं. पूर्णपणे बरोबर. मला ते तेव्हाही कळत होतं. मी इंदूरला दुकानात गेले तेव्हा दुकानदारानं दोन्ही चिपांवर तोच फ्लाइटचा खेळ लावून दाखवला होता. लहान आकड्याच्या चिपवर धावपट्टी नुसती सरकत आली, लोण्यातून सुरी जावी तशी. मोठ्या आकड्याच्या चिपवर आमच्यापेक्षा बरं होतं, पण इमारतींजवळ धक्का होताच. "देखो दीदी," तो म्हणाला, "ये महँगा वाला लोगे तो बोर्ड के साथ हम ही फिट करके देंगे. ये दूसरा सीधा बैठ जाएगा, घर पे भी." घर पे भी. मी तिथेच ठरवलं. कारण आदल्या रविवारी बाबांशी माझी पैज लागलेली होती.

झालं असं होतं की इंदूरच्या कोर्सचा फॉर्म मी भरून सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर एक गॅस्केटची आकृती काढली. मी म्हणाले, प्रोसेसर मी बसवते. एकटी. चालला तर सही करायची. नाही चालला तर मी मुकाट्यानं धारला जाते, बी.एड. करते. बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"चालेल," ते म्हणाले.

"आणि एक अट. मी काम करत असताना तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही."

"बरं."

ही अट मी घातली याचं कारण सरळ होतं. ते शेजारी उभे राहून काम बघायला लागले की चांगले शिकलेले फिटरसुद्धा चुका करत, हे कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. तेव्हा मला घरी बसवता येईल तो प्रोसेसर हवा होता, चांगला नको होता. प्रोसेसर निवडायला गेले आणि पैज निवडून आले. आता माझं धारला दुरुस्तीचं दुकान आहे, पार गंधवानी तालुक्यापासूनच्या शाळांचे कॉम्प्युटर येतात, आणि कोणी तावातावानं एखादाच पार्ट मागायला लागलं की मी आधी विचारते, घरात कोणाशी भांडण चाललंय का. बहुतेक वेळा चाललेलं असतं.

एक अडचण राहिली होती. नव्या चिपला जुन्या चिपपेक्षा कमी व्होल्टेज लागायचं आणि ते बोर्डवर बदलावं लागायचं. त्यासाठी बोर्डवर तीन-तीन पिनांच्या उभ्या रांगा होत्या. प्रत्येक रांगेत एक काळी टोपी दोन पिनांवर बसवलेली. त्या टोपीला जंपर म्हणतात. कुठला जंपर कुठे हे बोर्डाच्या पुस्तिकेत होतं, आणि आमची पुस्तिका आईनं मसाल्याच्या फडताळात कागद म्हणून अंथरली होती. जंपरचं पान जिऱ्याच्या डब्याखाली तेलात भिजून विरलेलं सापडलं. मग अण्णामामांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्यांच्याकडे तीच पुस्तिका होती. आपलं ऐकलं नाही याचा राग त्यांना असणारच, त्यामुळे आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी पाकीट आलं. आत चार ओळींची चिठ्ठी, आकृती वगैरे काही नाही. पाकीट बाबांनी फोडलं, धारची पाकिटं तेच फोडत, आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी माझ्या टेबलावर आणून ठेवली. आई त्या दिवशी हळदीकुंकवाला गेली होती. मी ती स्वतः वाचली. चार ओळी तर होत्या. पहिल्या तीन वीज बंद करण्याबद्दल, पंख्याबद्दल आणि चिपच्या कोपऱ्यावरच्या खुणेबद्दल. चौथी होती, "पाचवा जंपर खाली करून मगच वीज द्यावी."

रविवारी दुपारी चारला मी बसले. बाबांनी खुर्ची मागे ओढून घेतली आणि हाताची घडी घालून बसले. आई दारात उभी. मी पंखा सोडवला, जुनी चिप तिच्या खाचेशेजारची दांडी उचलून काढली, नवीन खुणेप्रमाणे ठेवली, दांडी दाबली, पंखा बसवला. मग चौथी ओळ. पाचवा जंपर खाली करणे. हिंदी शाळेतल्या मुलीला त्यात अवघड काय असणार? बर्तन खाली करो. कमरा खाली करो. खाली, म्हणजे रिकामा. मी चिमट्यानं पाचव्या रांगेवरची काळी टोपी उचलली, तिन्ही पिना मोकळ्या केल्या आणि टोपी जपून एका वाटीत ठेवली, हरवू नये म्हणून. बाबांकडे पाहिलं. ते वाटीकडे बघत होते. मग त्यांनी नजर उचलून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मी वीज दिली. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला. मी बटण बंद करून पुन्हा सुरू केलं, ही दुसरी चूक, आणि मग वास आला. जळलेल्या बॅकेलाइटसारखा, थोडा गोडसर. त्या बोर्डावर टोपी नसली तर व्होल्टेज कमी होत नव्हतं, सगळ्यांत जास्त व्हायचं. मामांच्या मराठीत खाली म्हणजे खालच्या बाजूला. टोपी वरच्या दोन पिनांवरून काढून खालच्या दोन पिनांवर घालायची होती. पाच मिलिमीटरसुद्धा नाही.

बाबा उठले, भिंतीवरचा स्विच बंद केला आणि म्हणाले, "झालं?" मी वाटीतली टोपी मुठीत घेतली. त्यांनी आईला सांगितलं, "वाढा." सहासुद्धा वाजले नव्हते. आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा विमान न उतरता ताटं वाढली गेली. आईनं वरणात तूप घालताना विचारलं की दुसरा प्रोसेसर आणता येईल ना. बाबा म्हणाले, नको. इतकंच.

जूनमध्ये मी धारला गेले. अण्णामामांना सगळा प्रकार समजला तेव्हा ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. "मला 'काढावा' लिहायचं असतं तर मी 'काढावा' लिहिलं असतं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला रोज एक तास मोठ्यानं मराठी वाचायला बसवलं. पंचांग, जुनी पत्रं, आईच्या आजोबांनी केलेली कुळाचाराची टिपणं, जे हाताला येईल ते. मी चुकले की टेबलावर पेन्सिल आपटायची, पुढे वाचायचं नाही, तोच शब्द पुन्हा. मला तो तास अत्यंत अप्रिय होता आणि मी तो चेहऱ्यावर दाखवत असे. त्याच तासामुळे हे सगळं मला मराठीत लिहिता येतंय. आभार मानायचे की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. हार्डवेअर मी शिकले, पण चार वर्षं उशिरा, शाळेतल्या पगारावर, बाबांची सही न घेता.

बाबा रिटायर झाले तेव्हा क्वार्टर रिकामं करायला मी देवासला गेले. प्लायवुडची फळी, लोखंडी स्टिअरिंग, पेडल, सगळं जसंच्या तसं होतं. कॉम्प्युटरवर तेच बाग प्रिंटचं कापड, रंग उडालेलं. जळलेल्या चिपसकट तो त्या रविवारनंतर कोणी उघडलेलाच नव्हता. भंगारवाला दोन तासांनी येणार होता. फळीमागे बाबांची फ्लाइटची वही मिळाली. प्रत्येक उड्डाणाची नोंद असायची तिच्यात, निघण्याची वेळ, उतरण्याची वेळ, किती खेपा. वहीच्या अगदी मागच्या पानावर उड्डाण नव्हतं. फोरमन कुठल्याही कामाआधी करतो तशी कामाची यादी होती, वरच्या तारखेवरून, मामांची चिठ्ठी माझ्या टेबलावर यायच्या आदल्या संध्याकाळी केलेली. चौथं काम असं: "पाचवा जंपर वरच्या दोन पिनांवरून काढून खालच्या दोन पिनांवर घालणे." आणि कंसात: "वैशाली करणार. आपण बोलायचं नाही."

मी वही घेऊन पुढच्या खोलीत आले. बाबा खोक्यांना सुतळी बांधत होते. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, आपलंच अक्षर बघायला माणसाला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावून.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"तूच अट घातली होतीस."

"मी टोपी वाटीत टाकली तेव्हा तुम्ही बघत होतात."

"हो."

"इंदूरला जाऊ नये म्हणून?"

त्यांनी सुतळीची गाठ मारली, ती ओढून पाहिली, दुसरी मारली. "तेव्हा वाटलं, एक चिप जाईल," ते म्हणाले. "जाईना का." मग आतल्या खोलीकडे हात केला. त्या अख्ख्या पसाऱ्यात फक्त तीच एक वस्तू बांधायची राहिली होती. "ती खुर्ची तेव्हापासून खालीच आहे."

खुर्ची कशाच्याही खाली नव्हती. खोलीच्या मध्यावर होती, तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. एका 'की'साठी अकरा वर्षं अबोला धरणारा इचलकरंजीचा माणूस तो शब्द हिंदीत बोलून गेला होता, आणि त्याचं त्याला कळलं नव्हतं. अण्णामामा असते तर पेन्सिल आपटली असती. मला चूक दिसली होती, आणि दुरुस्ती एका शब्दाची होती.

मी एक शब्द बोलले नाही.